पाणी दिसतं नितळ, मग मासे का मरतात?

वाचकांचे प्रश्न : परसातलं तळं आणि त्यावरचे वाफे

या वेळचे सगळे प्रश्न घरगुती ॲक्वापोनिक्सचे आहेत. तळ्यातलं पाणी पंपाने खडीच्या वाफ्यात चढवायचं, तिथे भाजी वाढवायची आणि निथळलेलं पाणी पुन्हा तळ्यात सोडायचं, एवढीच ही रचना. बऱ्याच पत्रांतली अडचण मुळात एकच आहे, म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : २,००० लिटरचं नवं तळं केलं. पाणी भरून दोन दिवस ठेवलं आणि ६० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं, म्हणजे मत्स्यबीज) सोडली. पहिले पाच-सहा दिवस ठीक गेले. आठव्या दिवसापासून मासे वर येऊन धापा टाकतात, रोज दोन-तीन मरतात. पाणी मात्र आरशासारखं नितळ आहे. बीजच रोगट होतं का?

उत्तर : बीजाला दोष देऊ नका. दोष पाण्यातच आहे, पण तो डोळ्यांना दिसणारा नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकत असतात. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. रुळलेल्या तळ्यात काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राईट करतात, दुसरे जिवाणू नायट्राईटचं नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट झाडं शोषून घेतात. अमोनिया आणि नायट्राईट माशांना विषारी असतात, नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. हे जिवाणू खडीवर, भिंतींवर, पाईपच्या आत चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. दोन दिवस पाणी ठेवल्याने फार तर त्यातला क्लोरिन उडतो, जिवाणू तयार होत नाहीत. तुमच्या तळ्यात आठ दिवस अमोनिया साचत गेला, त्याला खाणारं कोणीच नव्हतं.

आत्ता काय करायचं ते आधी. खाद्य आजपासून पूर्ण बंद करा. तीन-चार दिवस उपाशी राहिल्याने मासे मरत नाहीत, खाद्य टाकत राहिल्याने मात्र नक्की मरतील. एक-तृतीयांश पाणी बदला. नवं पाणी क्लोरिनमुक्त हवं आणि त्याचं तापमान तळ्याच्या जवळपास हवं. नळाच्या पाण्यात क्लोरामाईन (क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते उघडं ठेवून उडत नाही. त्यासाठी सोडियम थायोसल्फेट किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं क्लोरिननाशक वापरावं लागतं. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. मेलेला मासा दिसताक्षणी काढा.

मग कल्ल्यांचा रंग पाहा. ते लालभडक, सुजल्यासारखे दिसले तर संशय अमोनियावर घ्या. चॉकलेटी-तपकिरी दिसले तर नायट्राईट. नायट्राईट रक्तात शिरलं की रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, म्हणून पाण्यात भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो. अशा वेळी मीठ कामाला येतं, कारण मिठातलं क्लोराईड कल्ल्यांतून नायट्राईट आत जाऊ देत नाही. लिटरला १ ग्रॅम, म्हणजे तुमच्या तळ्याला २ किलो मीठ, बादलीत विरघळवून दिवसभरात थोडं थोडं सोडा. त्यात दुसरी कोणतीही भर नसावी. वाफ्यात घेवडा किंवा स्ट्रॉबेरी असेल तर ती या मिठाने खराब होईल, पण या घडीला मासे आधी वाचवायचे आहेत.

या काळात सामू, म्हणजे पीएच, वाढवायला अजिबात जाऊ नका. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो सुमारे ५ टक्के होतो, आणि ९ झाला की एक-तृतीयांशाहून जास्त. तोच अमोनिया, तेवढाच, पण सकाळी निरुपद्रवी आणि सामू चढल्यावर दुपारी मारक.

पुढच्या वेळी मासे आणण्याआधी तळं रुळवून घ्या. पंप आणि वाफे चालू करा आणि माशांऐवजी अमोनिया स्वतः घाला. २,००० लिटरला १५ ग्रॅम अमोनियम क्लोराईड घातलं की साधारण २ मिलिग्रॅम प्रतिलिटर अमोनिया होतो. टेस्ट किटने दर दोन दिवसांनी मोजा आणि अमोनिया खाली आला की पुन्हा घाला. आधी अमोनिया उतरेल आणि नायट्राईट चढेल. मग नायट्राईट उतरेल आणि नायट्रेट दिसू लागेल. २० ते ३० अंशांत याला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून बरेच जास्त. ओळखीच्या कुणाच्या चालू, निरोगी तळ्यातली बादलीभर ओली खडी मिळाली तर हा काळ खूपच कमी होतो. फक्त ती वाटेत सुकू देऊ नका. लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्यावर आले, की तळं तयार. तेव्हाही सगळे मासे एकदम सोडू नका. आधी एक-तृतीयांश सोडा, बाकीचे दोन आठवड्यांनी.

प्रश्न : तळं २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, आत ७० सेंटीमीटर पाणी. वर ४ चौरस मीटर पालेभाजीचे वाफे, ३० सेंटीमीटर खोल. मासे किती सोडावेत?

उत्तर : तुमच्या तळ्यात २,१०० लिटर पाणी आहे. एअर पंपाने पाण्यात जोरदार हवा सोडत असाल तर १,००० लिटरला २० किलो मासे ही घरगुती तळ्याची कमाल मर्यादा मानतात. पहिल्या वर्षी तिच्या निम्म्यावरच थांबा. पण माशांची संख्या हा हिशोबाचा शेवट आहे, सुरुवात रोजच्या खाद्याच्या वजनापासून करा. कारण झाडांना मिळणारं खत, जिवाणूंवर पडणारा भार आणि लागणारा प्राणवायू, तिन्ही गोष्टी रोज किती खाद्य तळ्यात पडतं यावर ठरतात.

पालेभाजीच्या एका चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य पुरतं. टोमॅटो, वांगी, मिरचीसारख्या फळभाज्यांना ५० ते ८० ग्रॅम लागतं. तुमच्या ४ चौरस मीटरला म्हणजे १६० ते २०० ग्रॅम. साधारण २०० ग्रॅमचा मासा वजनाच्या २ टक्के, म्हणजे रोज ४ ग्रॅम खातो. तेव्हा ४५ मासे १८० ग्रॅम खातील आणि हिशोब जुळेल.

अडचण अशी की मासे २०० ग्रॅमचे होऊन येत नाहीत आणि २०० ग्रॅमवर थांबतही नाहीत. १० ग्रॅमच्या बोटुकल्यांनी वजनाच्या ५ टक्के खाद्य खाल्लं तरी ४५ मिळून दिवसाला २२-२३ ग्रॅमच खातात. एवढ्यावर अर्धा चौरस मीटर पालेभाजी पोसते. पहिल्या दिवसापासून चारही चौरस मीटर लावले तर सगळीच रोपं पिवळी पडतात आणि मग लोक घाबरून खाद्य वाढवतात. न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजतं आणि गाडी पुन्हा पहिल्या प्रश्नावर येते. लागवड माशांच्या वाढीबरोबर वाढवत न्या. उलट बाजूला, तेच ४५ मासे ५०० ग्रॅमचे झाले की दीड टक्क्याने रोज जवळजवळ ३४० ग्रॅम खातील. तळ्याला ते वजन झेपेल, पण वाफ्यांना नाही. त्यामुळे मासे २००-२५० ग्रॅमचे झाले की थोडे थोडे काढायला लागा आणि त्या जागी नवी बोटुकली सोडा, किंवा वाफे वाढवा. मासे खायचे नसतील, गोल्डफिश किंवा कोई पाळायचे असतील, तरी हिशोब हाच. फक्त काढणी होणार नसल्याने सुरुवातीलाच संख्या कमी ठेवा.

खाद्य एका वेळी पाच मिनिटांत संपेल इतकंच टाका, दिवसातून दोन-तीनदा. पाणी गार झालं की माशांची भूक मंदावते. तिलापिया १६ अंशांच्या आसपास खाणं सोडतो, कार्प आणि गोल्डफिश १० अंशांपर्यंत तग धरून थोडंफार खातात. थंड पाण्यात सवयीने टाकलेलं खाद्य हे न पचलेलं, न उचललेलं खाद्य असतं. आणखी एक, तिलापियासह काही जातींवर अनेक प्रदेशांत बंदी किंवा परवान्याची अट असते. बीज घेण्याआधी मत्स्य विभागाकडे चौकशी करा, आणि तळ्यातला कोणताही मासा ओढ्यात-नदीत कधीही सोडू नका.

प्रश्न : वाफ्यात कोणतीही खडी चालते का?

उत्तर : १० ते २० मिलिमीटरची, धुतलेली. बारीक असेल तर वाफा तुंबतो, मोठी असेल तर जिवाणूंना जागा कमी पडते. विकत घेण्याआधी मूठभर खडी व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे आले तर ती चुनखडीची आहे. ती सामू ८ च्या आसपास धरून ठेवते, आणि मग झाडांना लोह मिळत नाही.

प्रश्न : पहाटे सगळे मासे पृष्ठभागावर तोंड उघडझाप करत असतात. दहा वाजेपर्यंत खाली जातात आणि दिवसभर मजेत असतात. पाणी हिरवं आहे. अमोनिया आणि नायट्राईट शून्य येतात.

उत्तर : तुमच्या तळ्यातलं शेवाळ रात्री माशांचा प्राणवायू खातंय. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, त्यामुळे संध्याकाळी मोजलं तर आकडा उत्तम येतो. रात्री तेच शेवाळ, मासे आणि जिवाणू तिघेही प्राणवायू ओढतात आणि सूर्योदयाच्या थोडं आधी साठा तळाला जातो. ३० अंशांच्या पाण्यात मुळात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो, २० अंशांच्या पाण्यात ९ मिलिग्रॅम. माशांना ५ च्या वर हवा. म्हणजे उन्हाळ्यात गाठीशी फार थोडं असतं.

खात्री करायची तर पहाटे आणि दुपारी चारला सामू मोजा. फरक एकाहून जास्त असेल तर शंकाच नको. शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साईड वापरतं म्हणून सामू चढतो, रात्री तो परत येतो म्हणून उतरतो.

आज रात्रीपासून एअर पंप लावा. १,००० लिटरला मिनिटाला ५ ते ८ लिटर हवा हे माप धरा. एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) तळापासून थोडा वर ठेवा, म्हणजे गाळ ढवळणार नाही. मग ऊन तोडा. शेवाळाला नायट्रेट आणि ऊन दोन्ही लागतात. नायट्रेट तर तुम्हाला भाजीसाठी हवंच आहे, तेव्हा तोडता येतं ते ऊनच. तळ्याच्या दोन-तृतीयांश भागावर शेडनेट, फळी, काहीही अपारदर्शक झाकण घाला. पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीही चालतात, पण त्यांची घट्ट चादर होऊ देऊ नका, एक-तृतीयांश पृष्ठभाग मोकळा राहिला पाहिजे. पाणी लवकर निवळायचं असेल तर यूव्ही दिवा लावता येतो. तो पाण्यात तरंगणाऱ्या शेवाळालाच मारतो, खडीला चिकटलेल्या जिवाणूंना त्याचा त्रास होत नाही.

शेवाळनाशक औषध मात्र नको. बहुतेकांत तांबं असतं आणि तांबं माशांना फार थोड्या प्रमाणातही विषारी असतं. शिवाय सगळं शेवाळ एका दिवसात मेलं तर ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवतं, आणि दुसऱ्या पहाटे अख्खं तळं मेलेलं दिसतं.

प्रश्न : सहा महिने सगळं छान चाललं, आता सामू ६ च्या खाली येतो आणि अमोनिया पुन्हा दिसायला लागला. माशांची संख्या तीच आहे.

उत्तर : सामू उतरणं हे तुमचे जिवाणू काम करत असल्याचंच लक्षण होतं. अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार होतं. अमोनियातल्या १ ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम चुनखडीइतकी क्षारता, म्हणजे आम्ल पचवून सामू टिकवण्याची पाण्याची ताकद, खर्च होते. ३२ टक्के प्रथिनांचं २०० ग्रॅम खाद्य घेतलं तर त्यात १० ग्रॅम नायट्रोजन असतो आणि त्यातला साधारण निम्मा अमोनिया होऊन बाहेर पडतो. म्हणजे रोज ३५ ग्रॅम चुनखडीइतकी क्षारता खर्च. झाडं नायट्रेट घेताना यातली काही परत करतात, पण सगळी नाही. सहा महिन्यांत पाण्याची गंगाजळी संपली. सामू ६ च्या खाली गेला की जिवाणू मंदावतात, आणि अमोनिया पुन्हा दिसू लागतो. पावसाच्या पाण्यावर तळं भरणाऱ्यांना हे लवकर भोगावं लागतं, कारण त्या पाण्यात क्षार जवळपास नसतात.

सामू ६.८ ते ७ ठेवा. मासे, जिवाणू आणि झाडं तिघांनाही चालेल अशी ती तडजोड आहे. सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे शिंपले किंवा चुनखडीचे खडे जाळीच्या पिशवीत भरून पाणी पडतं तिथे टांगणं. पाणी आम्ल झालं की ते विरघळतात, सामू ७ च्या वर गेला की विरघळणं आपोआप मंदावतं. तेवढ्याने भागलं नाही तर विझवलेला चुना आणि पोटॅशियम बायकार्बोनेट आलटून-पालटून वापरा. त्यातून झाडांना कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही मिळतं. १,००० लिटरला ५ ग्रॅमपासून सुरुवात करा, बादलीत कालवून वाफ्यावर ओता, तळ्यात थेट नको. दुसऱ्या दिवशी मोजा, मग पुढचं. दिवसाला ०.२ ते ०.३ हून जास्त चढवू नका. तुमच्या पाण्यात आत्ता अमोनिया आहे, म्हणून तुम्हाला हे विशेष लागू आहे. आधी दोन दिवस खाद्य थांबवा, थोडं पाणी बदला, मग हळूहळू चढवा. खाण्याचा सोडा एखाद्या वेळी चालेल, पण नेहमी वापरला तर सोडियम साचतो आणि झाडं खंगतात.

प्रश्न : नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. नायट्रेट लिटरला ८० मिलिग्रॅम आहे.

उत्तर : लोह कमी पडतंय. मत्स्यखाद्यातून झाडांना पुरेसं लोह मिळत नाही. चेलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहील अशा रूपातलं लोह घाला, लिटरला २ मिलिग्रॅम या हिशोबाने. २,००० लिटरला ६ टक्के लोह असलेलं ईडीडीएचए चेलेट ६५-७० ग्रॅम लागेल, ११ टक्क्यांचं डीटीपीए ३६ ग्रॅम. तीन-चार आठवड्यांनी नवी पानं पाहून पुन्हा. ईडीडीएचएने पाणी लालसर होतं, माशांना त्याने काही होत नाही. फेरस सल्फेट वापरू नका, त्यातलं लोह लगेच गंजून तळाशी बसतं. पिवळेपणा जुन्या पानांच्या कडांवर असेल तर पोटॅशियमचा विचार करा.

प्रश्न : भाजीवर मावा आला आहे. निमतेल फवारलं तर चालेल ना? ते तर नैसर्गिक आहे.

उत्तर : नाही. वाफ्यावर फवारलेलं सगळं तासाभरात तळ्यात उतरतं. निमतेल, साबणाचं पाणी, पायरेथ्रम ही नैसर्गिक नावं असली तरी माशांच्या कल्ल्यांना ती सोसत नाहीत. पायरेथ्रम तर माशांना अतिविषारी आहे. मावा पाण्याच्या बारीक, जोरदार फवाऱ्याने पानांच्या मागून धुऊन काढा, दोन दिवसांआड, तीन-चार वेळा. फार लागलेली पानं खुडून टाका. अळ्यांसाठी बीटी हे जिवाणूजन्य कीटकनाशक माशांना सुरक्षित आहे, पण माव्यावर त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : रात्री वाफ्याचा सांधा सुटला, पंपाने तळं कोरडं केलं आणि मासे गेले. असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं? वीज गेल्यावर काय, हेही सांगा.

उत्तर : पंप तळाला ठेवला की हा धोका कायम राहतो. तो विटांवर, पाण्याच्या निम्म्या उंचीवर बसवा, म्हणजे काहीही फुटलं तरी निम्मं पाणी तळ्यात उरेल. याहून चांगली रचना म्हणजे तळ्याच्या खालच्या पातळीवर वेगळी छोटी टाकी ठेवून पंप त्यात बसवणं. पंपाने पाणी तळ्यात आणि वाफ्यांत जातं, दोन्हीकडून उतारावर पुन्हा छोट्या टाकीत येतं. गळती झाली तर छोटी टाकी रिकामी होते, तळ्याची पातळी हलत नाही. तळ्यातून बाहेर येणारा पाईप तळापासून पाणी उचलेल असा लावला तर गाळही त्याच वाटे निघून जातो.

पंप घेताना खोक्यावरचा आकडा पाहून फसू नका. तो शून्य उंचीचा असतो. २,००० लिटरच्या तळ्यातलं पाणी तासाला एकदा फिरायला हवं, तेव्हा तुमच्या वाफ्याच्या उंचीला पंप तासाला २,००० लिटर देतो का, हे त्याच्या तक्त्यात पाहा.

वीज गेली की आधी प्राणवायू संपतो, बाकी सगळं नंतर. दाट मासे असतील तर तास-दोन तासही जास्त होतात. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप ही चैनीची वस्तू मानू नका, तो पहिल्याच खरेदीत घ्या. तो नसेल तर तळ्यातलंच पाणी बादलीने उंचावरून परत ओतत राहा, आणि वीज येईपर्यंत खाद्य टाकू नका. खाल्लेल्या माशाला प्राणवायू जास्त लागतो.

प्रश्न : नवे मासे आणल्यावर पिशवी थेट उघडून सोडतो. बरोबर आहे का?

उत्तर : तापमान जुळायला बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, हे हवंच. प्रवास तासाभराचा असेल तर मग पिशवीत तळ्याचं पाणी थोडं थोडं मिसळून मासे सोडता येतात. पण पिशवी बरेच तास बंद असेल तर ही सावकाशी घातक ठरते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साईड साचून सामू उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच वायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी तापमान जुळवा, पिशवी उघडा आणि मासे लगेच जाळीने काढून सोडा. पिशवीतलं पाणी तळ्यात ओतू नका.

आणि थेट तळ्यात तर नकोच. वेगळ्या २००-३०० लिटरच्या टाकीत, लिटरला ३ ग्रॅम मीठ घालून, हवा लावून तीन आठवडे ठेवा. अंगावर पांढरे ठिपके, कापसासारखी बुरशी, अंग घासत पोहणं असं काही दिसलं तर उपचार त्या टाकीतच करा. मोठ्या तळ्यात औषध घातलं तर ते जिवाणूंना मारतं आणि भाजीत उतरतं. तळ्यावर जाळी आहे ना, तेही पाहून घ्या. वेगळ्या टाकीत जपलेले मासे तळ्यात सोडल्यावर बगळा आणि खंड्या दोन दिवसांत हेरतात.